एक पेटी असो वा टेम्पोभर : एक किंवा अनेक मूल्ये घेणारे फंक्शन कसे रचावे

देवगड तालुक्यातल्या आमच्या वाडीत आंब्याचा हिशोब बहुतेक घरी अजून वहीतच लिहिला जातो. तीन हंगामांपूर्वी मी घरच्या बागेसाठी पायथनमध्ये एक लहानसा प्रोग्रॅम लिहिला. कोणत्या दिवशी कोणत्या वाणाच्या किती पेट्या भरल्या, त्या कोणत्या टेम्पोने वाशीला गेल्या आणि दलालाकडून आलेल्या पट्टीशी, म्हणजे विक्रीच्या हिशोबाच्या कागदाशी, आपला आकडा जुळतो की नाही, एवढेच त्याने सांगायचे होते. नोंद करणाऱ्या फंक्शनला वाणांच्या नावांची यादी द्यावी लागे आणि ते यादीतल्या प्रत्येक नावासाठी डेटाबेसमध्ये एक ओळ घाली. पुढे मी 'एकच पेटी नोंदवा' असे एक बटण जोडले आणि त्या बटणामागून यादीऐवजी नुसते नाव पाठवले :

पेट्या_नोंदव("हापूस")

चूक झाल्याचा एकही संदेश आला नाही. डेटाबेसमध्ये मात्र एका पेटीच्या पाच पेट्या झाल्या, कारण पायथनच्या लेखी 'हापूस' ही पाच चिन्हांची माळ आहे : ह, काना, प, दीर्घ ऊकार आणि स. अहवाल छापला तेव्हा वाणाच्या रकान्यात एका ओळीवर ठिपक्यांच्या वर्तुळाला टेकलेला एकटाच काना दिसत होता आणि तो पाहूनही मला आधी फॉन्ट बिघडला असेल असेच वाटले. पट्टी आली, तिच्यातल्या पेट्या आमच्या आकड्यापेक्षा कमी निघाल्या आणि दलालाला फोन लावण्याआधी सुदैवाने मी आपलाच कोड उघडून पाहिला.

एकच फंक्शन कधी एका मूल्यासह आणि कधी अनेक मूल्यांसह वापरायची गरज जवळजवळ प्रत्येक प्रोग्रॅममध्ये येते. ते करताना मी ज्या क्रमाने ठेचा खाल्ल्या, त्याच्या नेमक्या उलट क्रमाने, म्हणजे जे आधी करायला हवे होते ते आधी, अशा रीतीने पुढील पायऱ्या मांडल्या आहेत. तुम्हाला फंक्शन, लिस्ट आणि फॉर-लूप यांची ओळख आहे असे मी धरून चालले आहे.

हाताशी काय हवे

– पायथन ३, शक्यतो ३.१० किंवा त्यानंतरची आवृत्ती. जुन्या आवृत्तीत सातवी पायरी थोडी वेगळी लिहावी लागेल.
– कोणताही साधा एडिटर आणि पायथनची ओळीओळीने चालणारी खिडकी, म्हणजे लहान प्रयोग तिथल्या तिथे करून पाहता येतात.
– चाचण्यांसाठी पायटेस्ट आणि टाइप तपासण्यासाठी मायपाय. दोन्ही ऐच्छिक आहेत, पण पावसाळ्यात नेट जाण्याआधी उतरवून ठेवावेत.
– एक कागद. तुमचे फंक्शन प्रोग्रॅममध्ये कोठून कोठून बोलावले जाते आणि त्या प्रत्येक ठिकाणी हातात नेमके काय असते, एकच वस्तू, यादी की फाइलमधून एकेक येणाऱ्या ओळी, हे त्यावर लिहून काढा. हा कागद नसताना मी जे काही ठरवले, ते सगळे पुढे बदलावे लागले.

पायथन ३ मध्ये फंक्शनांची आणि चलांची नावे देवनागरीत ठेवता येतात, म्हणून उदाहरणांत ती तशीच ठेवली आहेत. भाषेचे स्वतःचे शब्द उच्चाराप्रमाणे लिहिले आहेत. कोड लिहिताना ते अर्थातच रोमन लिपीत लिहावे लागतात.

१. 'एक' म्हणजे काय, हे आधी ठरवा

टेम्पोवाल्याच्या दृष्टीने पेटी ही एक वस्तू आहे. तो पेट्या मोजतो आणि पेटीमागे भाडे घेतो. पेटी भरणाऱ्याच्या दृष्टीने पाच डझनी पेटी म्हणजे ६० फळे, आणि त्यातले एक जरी डागी निघाले तरी ते बाजूला काढायचे असते. दोघांचेही मोजणे बरोबर आहे, परंतु दोघांनी एकाच वहीत आपापल्या पद्धतीने आकडे लिहिले तर वही निकामी होईल.

संगणकासमोर हाच प्रश्न येतो आणि तो स्वतःहून त्याचे उत्तर देऊ शकत नाही. पायथनमध्ये ज्या वस्तूवर फॉर-लूप चालतो ती 'अनेक' असे मानण्याचा मोह होतो, पण आपल्या मनात जी वस्तू 'एक' असते तिच्यावरही लूप बिनतक्रार चालतो. माझ्या अनुभवात आलेल्या अशा वस्तू पुढीलप्रमाणे :

स्ट्रिंग, म्हणजे चिन्हांची माळ. तिच्यावर लूप चालवला की एकेक चिन्ह हाती येते. हा सर्वांत जुना आणि सर्वांत जास्त लोकांना चावलेला सापळा आहे.

डिक्शनरी. एका पेटीची माहिती वाण, श्रेणी आणि डझन अशा तीन किल्ल्या असलेल्या डिक्शनरीत ठेवली आणि ती तशीच लूपला दिली, तर पेटी मिळत नाही, किल्ल्यांची नावे मिळतात. फंक्शन मग 'वाण' नावाच्या वाणाची पेटी नोंदवते.

टपल, म्हणजे एकदा केल्यावर न बदलणारी यादी. समुद्रातल्या होडीची जागा अक्षांश आणि रेखांश अशा दोन आकड्यांच्या टपलने लिहितात. ती एक जागा आहे, पण लूपला ते दोन आकडे आहेत.

नेम्डटपल. दिसायला ही स्वतंत्र, नीटनेटकी वस्तू असते, त्यामुळे ती 'एक'च आहे अशी खात्री वाटते. आतून मात्र ती टपलच असते आणि लूपला आपले रकाने एकेक करून देते. डेटाक्लास, म्हणजे नाव दिलेले रकाने असलेला आपला स्वतःचा प्रकार, तसे करत नाही. त्याच्यावर लूप चालवायला गेलात तर पायथन लगेच टाइपएरर देतो आणि अशा ठिकाणी लगेच मिळणारी चूक हाच मोठा आधार असतो. म्हणून पेटीसाठी मी आता डेटाक्लासच वापरते.

तेव्हा कागदावर एक वाक्य लिहा : 'या फंक्शनसाठी एक म्हणजे ...' आणि ते पूर्ण करा. माझे वाक्य असे होते : 'या फंक्शनसाठी एक म्हणजे एक पेटी, आणि पेटी म्हणजे पेटी या डेटाक्लासची वस्तू किंवा वाणाचे नाव असलेली स्ट्रिंग.' हे वाक्य जमत नसेल तर पुढे जाऊ नका, कारण पुढच्या प्रत्येक पायरीवर तेच लागणार आहे.

(काही भाषांत हा प्रश्न निराळ्या तऱ्हेने सोडवलेला आहे. आकडेशास्त्रासाठी वापरल्या जाणाऱ्या आर या भाषेत सुटा आकडा असा प्रकारच नाही. ५ हा आकडादेखील एक लांबीचा व्हेक्टर असतो. तिथे प्रवेशाशी अडचण येत नाही, ती बाहेर पडताना येते. ते पाचव्या पायरीत पाहू.)

२. दोन्ही घेणे खरोखर गरजेचे आहे का, ते तपासा

नवीन लिहिणाऱ्याला वाटते की फंक्शन जितके सोशिक तितके चांगले. मलाही तसे वाटत असे. आता माझे मत असे आहे की दोन फंक्शनांनी काम स्पष्ट होत असेल तर दोनच लिहावीत. पायथनच्या लिस्टकडेच पाहा : एक वस्तू जोडायची असेल तर अपेंड आहे आणि अनेक जोडायच्या असतील तर एक्स्टेंड आहे. अपेंडला यादी दिली तर ती यादी एक वस्तू म्हणून, यादीच्या पोटातली यादी म्हणून, जोडली जाते. यादीचे घटक हवे असतील तर तुम्हाला एक्स्टेंड म्हणावे लागते. बोलावणाऱ्याने आपला हेतू नावातच सांगितला, त्यामुळे फंक्शनला तो ओळखण्याची वेळ येत नाही. अर्थात एक्स्टेंडला 'हापूस' दिले तर तेही पाच चिन्हे जोडते.

एसक्यूलाइट हा लहान डेटाबेस वापरताना दिसणारी जोडी अशीच आहे. एका नोंदीसाठी एक्झिक्यूट आणि अनेक नोंदींसाठी एक्झिक्यूटमेनी. इथे एक बारीक सापळा आहे, तो जवळून पाहण्यासारखा आहे. क्वेरीत एक प्रश्नचिन्ह असेल, तर एक्झिक्यूटला त्या प्रश्नचिन्हाची किंमत एका घटकाच्या टपलमध्ये द्यावी लागते, आणि एका घटकाचे टपल कंसाने होत नाही, स्वल्पविरामाने होते : ("हापूस",). स्वल्पविराम विसरला की टपलच्या जागी नुसती स्ट्रिंग जाते आणि पायथन सांगतो की क्वेरीला १ किंमत हवी होती, तुम्ही ५ दिल्या. हा संदेश निदान मिळतो तरी. मी चाचणी करताना श्रेणीचा रकाना घेतला होता आणि किंमत दिली होती "अ". ती एकाच चिन्हाची स्ट्रिंग असल्यामुळे १ मागितली, १ मिळाली आणि स्वल्पविराम नसतानाही सगळे सुरळीत चालले. वाणाच्या नावावर आल्यावर तोच कोड मोडला आणि मी अर्धा दिवस डेटाबेसला दोष देत बसले.

३. दाराची तऱ्हा निवडा

दोन्ही घ्यायचे हे ठरल्यावर तीन तऱ्हा उरतात.

पहिली : नेहमी यादीच घ्या. एक पेटी असली तरी बोलावणाऱ्याने ती चौकटी कंसात टाकून द्यावी. दोन चिन्हे जास्त टंकावी लागतात, एवढाच तोटा आहे. फंक्शनला बोलावणारा बहुतेक वेळा दुसरा कोड असेल, माणूस नसेल, तर माझी शिफारस हीच आहे. मात्र या तऱ्हेत स्ट्रिंग आली तर ती दारातच अडवा आणि 'यादी द्या, नुसते नाव नको' असा स्पष्ट संदेश देणारी चूक उभी करा. माझ्या मूळ फंक्शनमध्ये एवढी एक ओळ असती, तर हा लेख लिहायची वेळ आली नसती.

दुसरी : तारका वापरा. फंक्शनच्या व्याख्येत पॅरामीटरच्या नावाआधी तारका टाकली, म्हणजे पेट्या_नोंदव(*पेट्या) असे लिहिले, की बोलावणारा स्वल्पविराम देऊन हव्या तितक्या पेट्या देऊ शकतो आणि आत त्या एका टपलमध्ये गोळा होऊन येतात. एक दिली तरी टपल, चार दिल्या तरी टपल, त्यामुळे ओळखण्याचा प्रश्नच मिटतो. हाताने टंकून बोलावायच्या फंक्शनसाठी ही तऱ्हा फार सोयीची आहे. जावास्क्रिप्टमध्ये २०१५ पासून हेच काम नावाआधीची तीन टिंबे करतात.

या तऱ्हेचे दोन सापळे आहेत. हातात आधीच यादी असेल तर बोलावतानाही तारका लावून ती उलगडावी लागते; ती विसरली तर आत एका घटकाचे टपल येते आणि तो घटक म्हणजे तुमची अख्खी यादी असते. दुसरे असे की तारकेनंतर लिहिलेले पॅरामीटर बोलावताना नाव घेऊनच द्यावे लागतात. 'टेम्पो' हा पॅरामीटर तारकेनंतर असेल तर टेम्पो="पहिला" असे लिहावे लागेल; नाव न घेता शेवटी नुसते "पहिला" लिहिले तर तोही पेटी म्हणून मोजला जाईल.

तिसरी : एकच पॅरामीटर ठेवा आणि आत पाहून ओळखा. या तऱ्हेत सगळ्यांत जास्त काळजी लागते. पायथनमधली स्टार्ट्सविथ ही स्ट्रिंगची पद्धत याचे चांगले उदाहरण आहे : तिला एक स्ट्रिंग द्या किंवा स्ट्रिंगांचे टपल द्या, दोन्ही चालते, लिस्ट दिली तर मात्र ती टाइपएरर देते. हा कडकपणा पहिल्यांदा जाचक वाटतो, परंतु तिने 'एक म्हणजे स्ट्रिंग, अनेक म्हणजे टपल, बाकी काही नाही' अशी रेष आखून ठेवल्यामुळे घोटाळ्याला वाव उरत नाही.

दुसरी आणि तिसरी तऱ्हा एकाच दारात मिसळू नका. पायथनच्या मॅक्समध्ये ती मिसळलेली आहे : त्याला तीन सुटे आकडे चालतात, किंवा तीन आकड्यांची एक यादी चालते. पण एकच सुटा आकडा दिला तर तो त्याला यादी समजतो आणि 'यावर लूप चालत नाही' अशी टाइपएरर देतो. म्हणजे एक वगळता कितीही आकडे सुटे द्या. जावास्क्रिप्टच्या ॲरे या रचनाकाराची कथा याहून वाईट आहे : त्याला ३ आणि ४ हे दोन आकडे दिले तर त्या दोन आकड्यांची यादी मिळते, आणि एकटा ३ दिला तर तीन रिकाम्या जागांची यादी मिळते. एका आणि अनेक मूल्यांसाठी अर्थच बदलतो. यावर उतारा म्हणून २०१५ मध्ये ॲरे.ऑफ नावाची वेगळी सोय भाषेत घालावी लागली.

४. उंबरठ्यावरच यादी करा, आत सगळीकडे यादीच वापरा

तिसरी तऱ्हा निवडली असेल तर ओळखण्याचे काम एका लहान फंक्शनला द्या आणि ते मुख्य फंक्शनच्या पहिल्याच ओळीत बोलवा. माझ्याकडे त्याचे नाव यादी_कर असे आहे आणि ते पुढील क्रमाने चालते :

(अ) आलेली वस्तू नन, म्हणजे पायथनचे 'काहीच नाही', असेल तर चूक उभी कर.
(आ) ती स्ट्रिंग असेल तर ती एकटी घातलेली नवी लिस्ट परत दे.
(इ) ती पेटी या डेटाक्लासची वस्तू असेल तरीही तसेच कर.
(ई) ती डिक्शनरी किंवा बाइट्स (कच्च्या बाइटांची माळ) असेल तर चूक उभी कर.
(उ) बाकी काहीही असेल तर त्यातले सगळे घटक घेऊन नवी लिस्ट कर. लूप चालत नसेल तर पायथन स्वतःच टाइपएरर देईल, ती दाबू नका.

या क्रमात एक गोष्ट मुद्दाम केलेली आहे : फंक्शन 'हे अनेक आहे का?' असे विचारत नाही, 'हे एक आहे का?' असे विचारते. 'अनेक' असण्याच्या नाना परी आहेत, लिस्ट, टपल, सेट, जनरेटर (मागेल तसे एकेक मूल्य देणारी वस्तू), फाइल. आपण 'एक' कशाला म्हणतो हे मात्र पहिल्या पायरीत एका वाक्यात लिहून ठेवलेले आहे. त्या वाक्याचाच हा कोड आहे आणि त्यासाठी वस्तू अमुक प्रकारची आहे का हे सांगणारे इझइन्स्टन्स पुरते.

जुन्या लेखांत 'वस्तूकडे आयटर नावाची अंतर्गत पद्धत असेल तर ती अनेक' असा सल्ला आढळेल. पायथन २ मध्ये तो चालत असे, कारण तेव्हाच्या साध्या स्ट्रिंगकडे ती पद्धत नव्हती. पायथन ३ मध्ये स्ट्रिंगकडे ती आहे, त्यामुळे तोच सल्ला आज उचलला तर 'हापूस' पुन्हा पाच तुकड्यांत पडेल.

(उ) मध्ये 'नवी लिस्ट' म्हटले आहे, त्याला दोन कारणे आहेत. बोलावणाऱ्याने दिलेलीच लिस्ट वापरली आणि आत तिच्यात काही जोडले किंवा तिचा क्रम बदलला, तर त्याच्याकडची लिस्टही बदलते आणि ते त्याला कळतही नाही. दुसरे कारण जनरेटरचे. जनरेटर एकदाच वाहतो. आधी सगळ्या पेट्या तपासायच्या आणि मग लिहायच्या असे दोन लूप असतील, तर तपासणीतच तो आटतो आणि लिहिणाऱ्या लूपला एकही पेटी मिळत नाही; चूकही येत नाही, नोंदी फक्त होत नाहीत.

उंबरठा ओलांडल्यावर मात्र पुन्हा कोठेही 'एक आहे की अनेक' असे विचारू नका. माझ्या पहिल्या दुरुस्तीत हा प्रश्न चार फंक्शनांत चार ठिकाणी होता, त्यांतल्या तीन ठिकाणी मी बाइट्सचा विचार केला होता आणि चौथ्या ठिकाणी विसरले होते.

५. परत काय द्यायचे, ते मोजणीवर ठेवू नका

नोंद झाल्यावर माझे फंक्शन प्रत्येक पेटीचा अनुक्रमांक परत देते. सुरुवातीला मी असे केले होते की यादीत एकच पेटी असेल तर नुसता अनुक्रमांक द्यायचा आणि जास्त असतील तर अनुक्रमांकांची यादी द्यायची. एप्रिल-मेमध्ये दिवसाला वीस-पंचवीस पेट्या जात असत, तेव्हा सगळे ठीक चालले. हंगामाच्या पहिल्या दिवशी मात्र यादी होती, पण तिच्यात पेटी एकच होती. फंक्शनने सुटा आकडा परत दिला आणि पुढचा लूप कोसळला. एरवी चालणारा आणि फक्त मंद दिवशी मोडणारा कोड शोधायला फार अवघड जातो.

पॉवरशेल वापरणाऱ्यांना हा अनुभव नवा नाही. तिथे एखाद्या आज्ञेच्या फळात एकच वस्तू असली तर ती सुटी मिळते आणि अनेक असल्या तर त्यांचा संच मिळतो, म्हणून जाणकार आपण होऊन तिला संचात गुंडाळून घेतात. आर भाषेतले सॅप्लाय हे फंक्शनही फळ कसे आले ते पाहून कधी व्हेक्टर, कधी मॅट्रिक्स आणि कधी लिस्ट परत देते. फळाचा आकार आधीच सांगून ठेवायचा असेल तर व्हॅप्लाय वापरतात.

याला मान्य होण्याजोगे दोनच उपाय मला दिसतात. एक, आत काहीही आले तरी बाहेर नेहमी यादीच द्या. दोन, आलेल्या वस्तूच्या प्रकाराप्रमाणे द्या : सुटी पेटी आली तर सुटा अनुक्रमांक, यादी आली तर यादी, मग त्या यादीत एक पेटी असो वा एकही नसो. नम्पाय या आकडेमोडीच्या लायब्ररीचे साइन काढणारे फंक्शन या दुसऱ्या पद्धतीने वागते. एक आकडा दिला तर एक आकडा आणि ॲरे दिला तर तेवढाच ॲरे. गणितात ते शोभते. हिशोबाच्या कोडसाठी मी पहिला उपाय पसंत करते.

६. शून्य, आणि मधलीच पेटी चुकीची निघाली तर

रिकामी यादी ही चूक नव्हे. ज्या दिवशी पेटी भरली नाही त्या दिवशी शून्य नोंदी व्हाव्यात आणि रिकामी यादी परत मिळावी. जिथे रिकाम्या यादीला अर्थच नसतो, उदाहरणार्थ सर्वांत मोठी पेटी शोधताना, तिथे चूक द्यावी किंवा बोलावणाऱ्याकडून पर्यायी किंमत घ्यावी. मॅक्स रिकाम्या यादीवर व्हॅल्यूएरर देतो आणि पायथन ३.४ पासून त्याला पर्यायी किंमत देता येते. ननचा अर्थ मात्र 'शून्य पेट्या' असा लावू नका. बहुतेक वेळा नन म्हणजे आधीच्या एखाद्या फंक्शनने काही परत द्यायचे विसरलेले असते.

एका मूल्याच्या फंक्शनला जो प्रश्न कधीच पडत नाही, तो अनेक घेऊ लागताच समोर येतो. समजा, ४० पेट्यांची यादी आली आणि २३ व्या पेटीत डझनांच्या जागी कोणी अक्षरात 'पाच' लिहिले. (गंमत म्हणजे देवनागरी अंकात '५' लिहिले असते तर पायथनच्या इंटने ते बिनबोभाट वाचले असते.) पहिल्या २२ पेट्या डेटाबेसमध्ये गेल्या, उरलेल्या १८ राहिल्या. वापरणारा चूक सुधारतो आणि पुन्हा पूर्ण यादी पाठवतो, की पहिल्या २२ पेट्या दोनदा नोंदल्या जातात.

म्हणून आधी सगळी यादी तपासा आणि मगच लिहायला घ्या, आणि लिहिणे एकाच व्यवहारात (ट्रान्झॅक्शनमध्ये) करा. एसक्यूलाइटचे कनेक्शन पायथनच्या विथमध्ये ठेवले की आतले सगळे यशस्वी झाल्यावर व्यवहार पक्का होतो आणि मध्ये चूक आली तर तो मागे फिरवला जातो. प्रत्येक पेटीसाठी वेगळा व्यवहार करण्यापेक्षा हे वेगवानही असते, कारण व्यवहार पक्का करताना दर वेळी डिस्कवर लिहून होईपर्यंत थांबावे लागते. चुकीच्या संदेशात कितवी पेटी आणि तिच्यात काय लिहिले होते, हे दोन्ही असू द्या, आणि पेट्या १ पासून मोजा. वाडीत कोणी शून्यापासून मोजत नाही.

७. टाइप लिहिताना एक सावधगिरी

पायथन ३.१० पासून 'स्ट्रिंग किंवा स्ट्रिंगांची लिस्ट' असा टाइप मध्ये उभी रेघ देऊन लिहिता येतो. जुन्या आवृत्तीत त्यासाठी युनियन वापरावे लागे. पहिल्या तऱ्हेचे, म्हणजे फक्त यादी घेणारे फंक्शन असेल तर टाइप 'स्ट्रिंगांची लिस्ट' असाच लिहा. 'स्ट्रिंगांचा सीक्वेन्स' किंवा 'स्ट्रिंगांचा इटरेबल' असा उदार टाइप लिहिला तर मायपाय नुसत्या स्ट्रिंगवर आक्षेप घेत नाही, कारण स्ट्रिंग हाही स्ट्रिंगांचा सीक्वेन्सच आहे. म्हणजे ज्या चुकीसाठी टाइप लिहिले, तीच त्यातून निसटते.

८. चाचण्या

पुढील चाचण्या तिसऱ्या तऱ्हेच्या फंक्शनसाठी आहेत. प्रत्येकीत किती नोंदी व्हायला हव्यात हे आधी लिहा आणि मग चालवा :

– "हापूस" ही नुसती स्ट्रिंग : १ नोंद.
– "हापूस" असलेली एका घटकाची लिस्ट : १ नोंद, आणि परत मिळणारे फळ वरच्याच आकाराचे.
– रिकामी लिस्ट : ० नोंदी, चूक नाही.
– दोन नावांचे टपल आणि तीच दोन नावे देणारा जनरेटर : प्रत्येकी २ नोंदी.
– नन, डिक्शनरी आणि सुटा आकडा : प्रत्येक वेळी चूक, ० नोंदी.
– यादीच्या पोटात यादी : चूक. ती आपोआप उलगडण्याचा मोह टाळा, कारण मग पहिल्या पायरीतले वाक्य पुन्हा लिहावे लागेल.
– तीन पेट्या, त्यांतली मधली चुकीची : चूक, आणि ० नोंदी.

चाचणीसाठी एका चिन्हाची नावे वापरू नका. "अ" ने मला कसे फसवले ते वर आलेच आहे.

९. फंक्शन आधीपासून वापरात असेल तर

नवे दार बसवण्याआधी जुन्या नोंदी तपासा, कारण कोड सुधारला तरी डेटाबेसमध्ये शिरलेला कचरा तसाच राहतो. आधी डेटाबेसच्या फाइलची प्रत करून बाजूला ठेवा. मग वाणाची लांबी १ आहे अशा सगळ्या ओळी क्वेरीने काढा. एसक्यूलाइटचे लेंग्थ हे फंक्शन काना-मात्रा वेगळे मोजते, त्यामुळे सुटा पडलेला ऊकारही तिच्यात सापडतो. ओळी अनुक्रमांकाने लावून घ्या आणि दुरुस्ती होईपर्यंत एकही पुसू नका.

आमच्याकडे अशा ४५ ओळी निघाल्या. हापूस आणि पायरी ही दोन्ही नावे पाच-पाच चिन्हांची असल्यामुळे त्या ९ पेट्यांच्या आहेत हे लगेच कळले, आणि अनुक्रमांकाप्रमाणे पाच-पाच ओळी एकमेकींना जोडत गेले, तसतशी सात वेळा 'हापूस' आणि दोन वेळा 'पायरी' ही नावे पुन्हा अखंड मिळाली.